झीलकरी

दिवाळी अंकाचे दिवस आले की संपादकांचे पत्र ठरलेले असते. "यंदा आपल्या सदरात जरा हलकेफुलके येऊ द्या, माणसे फराळाचे ताट पुढे घेऊन वाचतात." एरवी वर्षभर या सदरात मी शुद्धलेखनापासून वांग्याच्या भरतापर्यंत वाटेल त्या विषयावर लिहीत असतो आणि वाचकही ते गोड मानून घेतात. तेव्हा संपादकांचे म्हणणे रास्तच आहे. पण यंदा माझ्या एका विद्यार्थ्याने मला असा प्रश्न घातला आहे की तो बाजूला सारून दुसरे काही लिहायला बसलो, तर लेखणी पुढे सरकत नाही.

परभणीच्या आमच्या कॉलेजात बी. ए.च्या वर्गाला शाहिरी वाङ्मय शिकवण्याचे काम माझ्याकडे आहे. पोवाडा पुस्तकातून शिकवणे म्हणजे पुरणपोळी फळ्यावर काढून दाखवण्यासारखेच. म्हणून मी निदान फड कसा उभा राहतो ते तरी समजावून देतो. मध्ये डफ घेतलेला शाहीर, शेजारी तुणतुणेवाला आणि झांजवाला, आणि शाहिराच्या मागे दोघेतिघे झीलकरी. झीलकऱ्याचे नाव जाहिरातीत नसते, त्याच्या फेट्याला तुराही बेताचाच असतो. पण त्याच्यावाचून फड उभा राहत नाही. शाहिराने कडव्याची शेवटची ओळ सोडली की ती उचलायची, लांबवायची आणि तेवढ्यात शाहिराला दम घेऊ द्यायचा, हे त्याचे पहिले काम. दुसरे काम याहून मजेचे आहे. गोष्ट ऐन रंगात आली की तो शाहिराला मध्येच अडवतो. 'मग पुढं काय झालं?', 'असं कसं झालं, शाहीर?' म्हणून विचारतो. समोर बसलेल्या हजार माणसांच्या मनातली शंका त्याच्या तोंडून बाहेर पडते, आणि शाहिराला थांबून उत्तर द्यावे लागते.

इतके सांगून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "सर, झीलकऱ्याला शाहिराचं पटलंच नाही तर?"

वर्ग हसला, मीही हसलो. उत्तराला तास संपल्याची घंटा आडवी आली. पण प्रश्न माझ्याबरोबर घरी आला आणि पाहुण्यासारखा अजून मुक्कामाला आहे.

हातात शस्त्र न घेता माणसे सत्तेपुढे उभी राहतात, तेव्हा ती चळवळ फडासारखीच चालते. पुढारी शाहिराच्या जागी उभा असतो. सरकार त्याला उचलून तुरुंगात टाकते. मग ओळ कोण धरतो, यावर सगळे अवलंबून. आणि ती ओळ ज्यांना म्हणायची नाही त्यांचे काय करायचे, हेही तिथेच ठरते.

मराठवाड्याच्या माणसाला याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर सरकारची आगाऊ परवानगी लागे. 'गश्ती निशाण ५३' या नावाचा तो हुकूम आमच्याकडच्या जुन्या माणसांना पाढ्यासारखा पाठ होता. भाषणाला बंदी म्हटल्यावर बोलणे गाण्यात शिरले. कीर्तनाच्या उत्तररंगात, गणपतीच्या मेळ्यात, वाचनालयाच्या वार्षिक समारंभात जे म्हणायचे ते म्हटले जाऊ लागले. सरकारी माणूस कोपऱ्यात बसून टिपून घेई. पण अभंगाच्या कोणत्या चरणाखाली लाल रेघ मारायची, हे त्याला तरी काय कळणार!

१९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. परतूर तेव्हा आमच्या परभणी जिल्ह्यात होते. १९८१ मध्ये जालना जिल्हा निराळा झाला तेव्हा ते तिकडे गेले. अध्यक्ष होते गोविंदराव नानल. मातृभाषेतून शिक्षण द्या, नागरी हक्क द्या, अशा तिथल्या मागण्या आज वाचल्या तर कोणी म्हणेल, यात एवढे काय होते? पण ज्या राज्यात १९१८ पासून विद्यापीठ होते आणि ते उर्दूतून शिकवत होते, तिथे मराठी मुलाने आपली भाषा मागणे ही साधी गोष्ट नव्हती. परिषदेतली वडीलधारी मंडळी अर्जविनंतीच्या बाजूची होती, तरुणांना ते सावकाशीचे वाटत होते. हा वाद चालू असतानाच १९३८ साल उजाडले, आणि वर्ष संपता संपता वादाचा निकाल एका गाण्याने लावला.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, त्या वेळी औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात शिकत होते. सेलूकडचा मुलगा, घरची परिस्थिती बेताची, डोक्यावर टोपी आणि खिशात घरून आलेले मोजके पैसे. त्या नोव्हेंबरात वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांनी प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणायला सुरुवात केली. अधिकाऱ्यांनी मनाई केली. मुलांनी ऐकले नाही. पाहता पाहता हे लोण हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात पोचले, संप झाला, आणि शेकडो मुलांची नावे पटावरून कमी झाली. गाणे म्हटल्याबद्दल कॉलेजातून काढलेल्या या मुलांना नागपूर विद्यापीठाने दार उघडून दिले. कुलगुरू टी. जे. केदार यांचे नाव आमच्या आजोबांच्या तोंडी शेवटपर्यंत देवासारखे असे. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही याच मुलांपैकी. आजोबांची बी. ए. अशी नागपूरची. "ही डिग्री मला गाण्यानं मिळवून दिली," असे ते म्हणत. गळा मात्र असा की आरतीला ते उभे राहिले म्हणजे आजी हळूच म्हणे, "तुम्ही टाळ्याच वाजवा."

मोठे पुढारी तोवर तुरुंगात गेलेले होते. स्टेट काँग्रेसवर तर स्थापना होण्याआधीच बंदी आली होती. जन्मापूर्वीच नाव काढून टाकावे तसा तो प्रकार. ऑक्टोबरच्या २४ तारखेपासून सत्याग्रही तुकड्या निघू लागल्या; पहिल्या तुकडीत गोविंदराव नानल, मागाहून स्वामी रामानंद तीर्थ. म्हणजे शाहीर सगळे आत आणि बाहेर सतरा-अठरा वर्षांचे झीलकरी. त्यांनी ओळ धरली, आणि फार चांगली धरली, याबद्दल शंका नाही.

पण आजोबा या प्रकरणातली आणखी एक गोष्ट सांगत. ती त्यांनी सत्काराच्या भाषणात कधी सांगितली नाही, घरात सुपारी कातरताना सांगितली. वर्गात त्यांच्या शेजारी जिंतूरकडचा एक मुसलमान मुलगा बसे. सरकारी मनाई त्यालाही पटलेली नव्हती. पण त्या गाण्यात देश देवीच्या रूपात येतो, आणि ते आपल्या तोंडाने म्हणणे त्याला जड जात होते. संपाच्या आदल्या दिवशी त्याने आजोबांना विचारले, "तुम गाओ, मैं पास खड़ा रहूँगा. मगर गाऊँगा नहीं. चलेगा?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारले.

"म्हणालो, आधी हे पार पडू दे, मग बघू." आजोबांनी अडकित्ता खाली ठेवला. "मग म्हणजे कधी, ते त्यानंही विचारलं नाही."

"आणि पुढं तो?"

"अठ्ठेचाळीसनंतर ते लोक हैदराबादेस गेले." एवढे बोलून त्यांनी वर्तमानपत्र उघडले. त्यांचा हा विषय नेहमी तिथेच संपे.

या अडचणीची जाणीव देशाच्या पुढाऱ्यांना नव्हती असे नाही. औरंगाबादच्या प्रकरणाला जेमतेम वर्ष उरले होते तेव्हा, १९३७च्या ऑक्टोबरअखेर, कलकत्त्याला काँग्रेस कार्यकारिणीने याच गाण्याचा विचार केला. रवींद्रनाथांचे मत मागवले आणि ठरवले की पहिली दोन कडवीच म्हणावीत. शिवाय कोणाला दुसरे एखादे निर्दोष गाणे म्हणायचे असेल तर त्याला मोकळीक असावी. या निर्णयावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. कोणाला ती शरणागती वाटते, कोणाला मलमपट्टी. मला स्वतःला त्यात पुढारीपण दिसते. हजारो माणसे एका सुरात म्हणत असताना जो गप्प उभा आहे त्याच्याकडे ज्याचे लक्ष जाते, तो खरा पुढारी. नुसते वरच्या पट्टीत गाणे गळ्याच्या जोरावर कोणालाही साधते.

स्वामी रामानंद तीर्थांबद्दल मला आदर वाटतो तोही याच कारणाने. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतला आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयातला हा शिक्षक. (शिक्षकाने शिक्षकाची बाजू घ्यावी हे ओघानेच आले, पण ते सोडा.) १९३८च्या त्या मोसमात निजामाविरुद्ध एकाच वेळी तीन सत्याग्रह चालू होते: स्टेट काँग्रेसचा, आर्य समाजाचा आणि हिंदु महासभेचा. स्टेट काँग्रेसची मागणी जबाबदार राज्यपद्धतीची होती, आणि ती राज्यातल्या सर्वच प्रजेसाठी होती. पण तिन्ही मिरवणुका एकाच रस्त्याने चालल्या म्हणजे लांबून पाहणाऱ्याला एकच मिरवणूक दिसते. ही जातीय चळवळ आहे, असे सरकार म्हणतच होते. गांधीजींनी सल्ला दिला की थांबा. दोनच महिने झाले होते, माणसे तुरुंगात जायला रांगेत उभी होती, आणि २४ डिसेंबरला स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह तहकूब केला. भरात आलेला फड असा मध्येच थांबवायला किती बळ लागते, हे ज्याने एकदा तरी गर्दीपुढे डफ वाजवला आहे त्यालाच कळेल. पुष्कळ कार्यकर्ते चिडले. फळही लगेच काही मिळाले नाही. संघटनेवरची बंदी उठायला १९४६ साल उजाडावे लागले. तरीदेखील आपले गाणे दुसऱ्याच्या गाण्यात मिसळून वेगळेच ऐकू जाते आहे, हे कळताच थांबणे, हा मला त्या लढ्यातला एक मोठा प्रसंग वाटतो. शाळेच्या पुस्तकात त्याला एक ओळ मिळते.

पुढची हकीगत वाचकांना ठाऊक आहे. रझाकारांचा धुमाकूळ, सरहद्दीवरची शिबिरे, आणि १७ सप्टेंबर १९४८. शेवटचे पर्व निःशस्त्र राहिले नाही. ते तसे राहणे शक्य होते का, हा वेगळा वाद आहे. हिंदी संघराज्यात सामील व्हा, असे उघड लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये हैदराबादच्या रस्त्यावर खून झाला. हे नाव आमच्याकडे १७ सप्टेंबरच्या भाषणांतून येते. पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात आणि आसपास मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले ते मात्र भाषणांत येत नाही. त्याची चौकशी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने केली. मृतांचा सावधपणे केलेला अंदाजसुद्धा पंचवीस हजारांच्या वर जातो. तो अहवाल लोकांना मोकळेपणी वाचायला मिळाला २०१३ साली. आजोबा त्या आधीच गेले होते. त्यांनी तो वाचला असता तर वर्तमानपत्र उघडले असते की मिटले असते, याचा मी कधी कधी विचार करतो.

याच काळात परभणीत एक माणूस सरकारी बांधकाम खात्यात कारकुनी करीत होता आणि उरलेल्या वेळात कविता, कथा, कादंबऱ्या लिहीत होता. बी. रघुनाथ. मूळ नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी, जन्म १९१३चा, सातोन्याचा. सभेत उभे राहून गाणारा हा माणूस नव्हे. पोट निजाम सरकारच्या पगारावर आणि मन लोकांत, अशी ती ओढाताण होती. तरी 'आलाप आणि विलाप' हा कवितासंग्रह १९४१ साली आला, आणि मुक्तीच्या पुढच्याच वर्षी 'जगाला कळले पाहिजे' ही कादंबरी. नावातच सगळे आले. चाळिशी गाठते न गाठते तोच, १९५३च्या सप्टेंबरात, ते गेले. परभणीत त्यांच्या नावाचे सभागृह आहे. तिथे लग्नेही लागतात आणि कविसंमेलनेही होतात, आणि दोन्हींत जेवणाची चौकशी आधी होते. विद्यार्थ्यांना मी त्यांच्याविषयी एवढेच सांगतो, की चळवळीला लागणारी कला नेहमी डफावरच वाजते असे नाही. काही माणसे नंतर वाचायला म्हणून लिहून ठेवतात. घोषणा विरून जातात तेव्हा त्या लिहिलेल्याचा उपयोग होतो.

डफाचे मोठे दिवस आले ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत. मराठवाडा १९५६च्या नोव्हेंबरात द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि या फडात तोही उभा राहिला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर ही १९४४ पासूनच्या लाल बावटा कलापथकाची त्रयी. अण्णाभाऊंच्या 'माझी मैना'मध्ये मुंबईला पोटासाठी आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरतो, आणि ऐकता ऐकता ती बायको म्हणजे महाराष्ट्रापासून तुटलेला सीमाभाग होऊन जाते. आचार्य अत्रे यांची 'मराठा'तली टोलेबाजी मी आजही मिटक्या मारीत वाचतो, पण ज्याच्यावर ती होई तो बोलणी करायला यायचा असेल तरी त्या दिवशी नक्कीच येत नसेल. विरहाचे गाणे ऐकायला मात्र तोही थांबला असता.

आणि अमर शेख! हजारोंच्या सभेत ध्वनिवर्धक बंद पडला तरी ज्याचे अडत नसे असा तो आवाज. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, गाव बार्शी. हेच बार्शी हैदराबादच्या लढ्यात सरहद्दीवरचे ठाणे होते. एकीकडे गावे सोडून माणसे निघून जात होती; दुसरीकडे त्याच टापूतल्या एका मुसलमानाच्या गळ्यातून, काही वर्षांतच, अवघा महाराष्ट्र आपले म्हणणे मांडत होता. त्या मैदानांवर 'तुझे चालेल का?' असे त्याला कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. विचारायची गरज पडू नये असेच ते गाणे होते.

या चळवळीतही शंभरावर माणसे गोळीबारात गेली आणि दगड काही एकाच बाजूने आले नाहीत. पण १९५७च्या नोव्हेंबरातली ३० तारीख निराळी. पंडित नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण करायला यायचे होते. समितीने निदर्शने जाहीर केली. सरकारात यशवंतराव चव्हाण, समितीच्या आघाडीवर एस. एम. जोशी. दोघांनाही ठाऊक होते की वाईच्या रस्त्यावर एक दगड पडला तर सगळेच हातचे जाईल. दोन्हीकडून काळजी घेतली गेली. लोक काळी निशाणे घेऊन रस्त्याच्या दुतर्फा उभे राहिले, घोषणा घुमल्या, आणि पंतप्रधानांची गाडी निर्विघ्न गेली. ज्याचा निषेध करायचा त्याला सुखरूप जाऊ द्यायचे, कारण उद्या बोलायचे आहे ते त्याच्याशीच. अडीच वर्षांनी महाराष्ट्र झाला. त्या एका दिवसामुळे झाला असे मी म्हणत नाही. त्या दिवसावाचून तो अवघड झाला असता एवढे म्हणतो.

आता आमच्या गावाविषयी. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत रेल्वे स्टेशनजवळ डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोर ठेवलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशी बंद, बंदात दगडफेक आणि जाळपोळ, मग धरपकड. धरलेल्यांपैकी कायद्याचा एक विद्यार्थी १५ तारखेला कोठडीत असताना मरण पावला. त्या आठवड्यात माझ्या वर्गातले निम्मे बाक रिकामे होते. जी मुले येत, त्यांतली काही खिडकीशी बसत आणि काही दाराशी, आणि मधल्या ओळीत कोणी बसत नसे. जानेवारीत परभणीहून मोर्चा निघाला, पायी, मुंबईकडे. ऊन, थंडी, पायाला फोड, मुक्कामाला शाळेच्या पडव्या. नाशिकपर्यंत पोचल्यावर सरकारच्या माणसांशी बोलणी झाली आणि तो तहकूब झाला. जे दगडाने झाले नाही ते चालण्याने झाले: समोरचा माणूस बोलायला आला. त्या बोलण्यातून न्याय किती आणि कधी पदरात पडतो, हा मोर्चेकऱ्यांचा प्रश्न रास्तच आहे, आणि तो त्यांनी विचारीतच राहावे.

परभणीत उर्दू घराघरांत आहे आणि तिच्या मागे फारसी. 'शाहीर' हा आपला शब्दसुद्धा 'शायर'चाच भाऊ. आमच्या उर्दूच्या प्राध्यापिका बाई फारसीही वाचतात. २०२२ साली इराणमध्ये बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा बाईंनी स्टाफरूममध्ये आपल्या फोनवर मला एक गाणे ऐकवले. डोक्यावरच्या वस्त्रावरून पोलिसांनी धरलेली महसा अमीनी ही तरुणी १६ सप्टेंबरला मरण पावली होती. तुम्ही रस्त्यावर कशासाठी आलात, याची कारणे लोक एकेका वाक्यात लिहून फोनवरून पसरवीत होते. शरविन हाजीपूर या पंचविशीतल्या गायकाने ती वाक्ये गोळा केली आणि त्यांचेच गाणे केले. 'बराए' म्हणजे '-च्यासाठी'. प्रत्येक ओळ त्या शब्दाने सुरू होते आणि प्रत्येक ओळ कोणा ना कोणा अनोळखी माणसाची. रस्त्यात नाचता यावे यासाठी, असली साधी कारणेही त्यात आहेत. बाई एकेका ओळीचा अर्थ सांगत होत्या आणि मी मनात म्हणत होतो, इथे झीलकऱ्यांनी कवन रचले आहे आणि शाहीर मागून ओळ धरतो आहे! दोन दिवसांत ते कोट्यवधी लोकांनी ऐकले, आणि गायकाला अटक झाली. पुढच्या फेब्रुवारीत अमेरिकेत त्याला ग्रॅमी मिळाले, २०२४ मध्ये मायदेशात शिक्षा झाली आणि मागाहून ती माफ झाली. त्या आंदोलनाला नाव घेण्यासारखा पुढारी नव्हता. म्हणून ते मोडायला अवघड गेले, आणि बोलणी करायची तर कोणाशी, हाही प्रश्न राहिला. पाचशेहून अधिक माणसे मारली गेल्याची नोंद मानवी हक्क संघटनांनी केली आहे.

त्याआधी, २००९ साली, त्यांना पुढारी होते आणि तेही कलावंत. मीर होसेन मूसवी हे वास्तुकार आणि चित्रकार, पत्नी झहरा राहनावर्द शिल्पकार. निवडणुकीचा निकाल खोटा म्हणून लाखो लोक रस्त्यावर आले होते. रात्री गच्चीगच्चीवरून ईश्वराच्या नावाचा पुकारा होई, आणि इस्लामी सरकारला त्यावर बंदी कोणत्या तोंडाने घालावी हे कळेना. आमच्या कीर्तनाच्या उत्तररंगाची मला इथे आठवण होते. १ जानेवारी २०१०च्या पत्रकात मूसवींनी पाच मुद्दे मांडले. सरकारने उत्तरदायी व्हावे, निवडणुकीचे कायदे स्वच्छ करावेत, कैदी सोडावेत, वृत्तपत्रांना मोकळीक द्यावी, सभांचा हक्क मान्य करावा. यात कोणाची गादी मागितलेली नाही. उत्तरादाखल २०११च्या फेब्रुवारीत पतिपत्नींना नजरकैदेत टाकण्यात आले.

मला यापेक्षाही महंमद रझा शजरियान यांची हकीगत अधिक जवळची वाटते. इराणच्या शास्त्रीय संगीतातला हा सर्वांत मोठा आवाज. आपल्याकडे भीमसेन जोशी म्हटले की जो आदर मनात येतो, तसा. निदर्शकांना राष्ट्राध्यक्षांनी 'केरकचरा' म्हटले, तेव्हा शजरियान म्हणाले की मी त्या केरकचऱ्याचाच आवाज आहे. सरकारी आकाशवाणीने माझी गाणी लावू नयेत, असे त्यांनी कळवले. आणि त्याच वर्षी फरीदून मोशिरी यांची एक कविता गायले. ती बंदूक धरलेल्या माणसाला भाऊ म्हणून हाक मारते आणि शस्त्र खाली ठेवायला सांगते. समोरच्याशी बोलायचे अजून सोडलेले नाही, हे इतक्या सरळपणे कुठल्या गाण्याने सांगितल्याचे मला ठाऊक नाही.

आकाशवाणीला त्यांनी केलेल्या मनाईत एक अपवाद होता. 'रब्बना' ही त्यांच्या आवाजातली प्रार्थना रमजानात उपवास सोडण्याच्या वेळी वर्षानुवर्षे लागत असे. ती लोकांची आहे, ती लावत जा, असे त्यांनी सांगितले. सरकारने मग तीच बंद केली. लोक संध्याकाळी घरोघरी आपापल्या फोनवर ती लावू लागले.

शजरियान ८ ऑक्टोबर २०२० रोजी तेहरानच्या जाम रुग्णालयात वारले. 'मोर्ग-ए-सहर' हे जुने गाणे मैफलीच्या शेवटी श्रोते त्यांच्याकडून आग्रहाने म्हणवून घेत. करोनाचे दिवस होते, गर्दी करायला मनाई होती, तरी रुग्णालयाबाहेरच्या रस्त्यावर माणसे जमली. दारात पोलीस उभे होते. त्या रात्री रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसांनी ते गाणे स्वतःच म्हटले.